ठेव

रोमहून परत आल्यावर सगळ्यांनी पहिला प्रश्न विचारला तो व्हॅटिकनचा. व्हॅटिकन मोठं आहे, सुंदर आहे आणि त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते रोमच्या जमिनीखालच्या एका जागेबद्दल. तिथे आम्ही जेमतेम पाऊण तास होतो. फोटो काढायला बंदी होती, आणि बघायला म्हटलं तर बहुतेक रिकाम्या भिंतीच. तरी सगळ्या प्रवासातली तीच एक जागा माझ्याबरोबर घरापर्यंत आली. ती म्हणजे आप्पिया रस्त्यावरचं संत कॅलिस्टस यांचं कॅटॅकोंब.

कॅटॅकोंब म्हणजे भुयारी दफनभूमी. शहराच्या हद्दीत कुणाला पुरायचं नाही किंवा जाळायचं नाही, असा रोमचा फार जुना कायदा होता. त्यामुळे गावाबाहेर जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांच्या कडेनं थडगी उभी राहिली. श्रीमंतांची थडगी वर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशी. ख्रिस्ती लोकांना मृतांना पुरायचंच होतं, कारण पुनरुत्थानावर श्रद्धा, आणि शक्यतो सगळ्यांना एकत्र पुरायचं होतं. पण जमीन महाग आणि माणसं बहुतेक साधी. मग त्यांनी जमिनीच्या पोटात जागा केली. रोमखाली तुफा नावाचा ज्वालामुखीचा दगड आहे. तो खणताना मऊ लागतो आणि हवा लागली की घट्ट होतो. खोदकऱ्यांनी अरुंद बोळ खणले आणि दोन्ही भिंतींत एकावर एक आडवे कप्पे कोरले. एका कप्प्यात एक माणूस, कधी दोन. तोंडाशी कौलं नाहीतर संगमरवराची फरशी आणि वरून चुना. वरचा बोळ भरला की आणखी खाली जायचं.

दुसऱ्या शतकाच्या शेवटी सुरू झालेली ही कॅलिस्टसची जागा वाढत वाढत चार मजल्यांची झाली. बोळांची लांबी जवळजवळ २० किलोमीटर आणि खोली २० मीटरच्या पुढे. ज्यांचं नाव या जागेला आहे ते कॅलिस्टस आधी गुलाम होते. नंतर डीकन झाले, या दफनभूमीचा कारभार त्यांच्याकडे आला आणि २१७ च्या सुमाराला ते पोप झाले. गंमत म्हणजे ते स्वतः इथे नाहीत, दुसऱ्याच रस्त्यावरच्या दफनभूमीत त्यांना पुरलं गेलं.

लहानपणी कॅटेकिझमच्या वर्गात ऐकलेली एक गोष्ट मात्र तिथे गेल्यावर बाजूला ठेवावी लागते. छळाच्या काळात ख्रिस्ती लोक इथे लपून राहायचे, ही ती गोष्ट. आत गेलं की कळतं, इथे राहणं शक्यच नाही. हवा नाही, उजेड नाही, आणि आजूबाजूला पुरलेली माणसं. शिवाय या जागा सरकारला माहीत होत्या. सम्राट व्हॅलेरियननं २५७ मध्ये ख्रिस्ती लोकांना दफनभूमीत जायलाच मनाई केली होती. पुढच्या वर्षी, ६ ऑगस्ट २५८ रोजी, पोप दुसरे सिक्स्टस यांना त्यांच्या डीकनांबरोबर दफनभूमीतच पकडून मारण्यात आलं. लोक इथे यायचे ते आपल्या माणसांसाठी. वर्षश्राद्धासारखा दिवस पाळायचे, प्रार्थना करायचे, एकत्र जेवायचे. ऑल सोल्स डेला आपण मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं घेऊन सिमेट्रीत जातो, त्यात आणि यात मला फार फरक दिसत नाही.

आता आम्ही तिथे कसे पोचलो ते सांगते. २०२५ हे ज्युबिली वर्ष. आजीला मरायच्या आधी रोम बघायचं होतं, आणि पॅरिशमधून एक गट निघाला होता. आजी शहात्तर वर्षांची. तिला कोंकणी आणि मराठी येते, इंग्रजी "थँक्यू" पुरती. म्हणून मी. बॅग उचलायला, गोळ्या द्यायला आणि दुभाषी म्हणून.

पण रोमला जाताना आमच्या घरात एक भांडण अर्धवट ठेवून आम्ही निघालो होतो, आणि ते आमच्याबरोबर विमानातही होतं.

आजोबा मे २०२१ मध्ये गेले. कोविडची दुसरी लाट. दफनाला घरचे फक्त बाबा होते, तेही लांब उभे. आजीला जाता आलं नाही. कबरीवर एक लाकडी क्रूस लावला गेला. त्यावर पांढऱ्या रंगात इंग्रजीत नाव होतं, हॉस्पिटलच्या कागदावर जसं होतं तसंच. पुढे संगमरवरी कबर बांधू असं सगळे म्हणत राहिले आणि राहून गेलं. आमच्या सिमेट्रीत जागा कमी आहे. ठरावीक वर्षांनी कबर उघडतात, अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि ती जागा दुसऱ्याला देतात. आजोबांचा नंबर आला. कोनाडा मिळाला. त्याच्या तोंडाला लावायची फरशी केवढी, तर फूट बाय दीड फूट. कारागीर अक्षरामागे पैसे घेतो.

आणि घरात वाद सुरू झाला की कुठल्या भाषेत लिहायचं.

बाबा म्हणाले इंग्रजी, कारण सगळ्यांच्या फरश्यांवर इंग्रजीच असतं, आणि दुबईची नातवंडं कधी आली तर त्यांना वाचता यायला हवं. मोठे काका म्हणाले कोंकणी, रोमी लिपीत, कारण आजोबांची रोझरी आयुष्यभर कोंकणीत झाली. आत्या म्हणाली मराठी, ते दुसरं वाचायचेच काय? धाकटे काका म्हणाले, एक ओळ कन्नडही घाला, त्यांचे निम्मे दोस्त कन्नड बोलणारे होते. बेळगावात पाटी कुठल्या भाषेत यावरून काय काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या घरात ते फूटभर फरशीवर झालं. खरं सांगायचं तर सगळ्यांचं बरोबर होतं. आजोबा लोंढ्याला रेल्वेत होते. फॉर्म इंग्रजीत भरायचे, प्रार्थना कोंकणीत, बाजार कन्नडमध्ये, आणि पेपर वाचणं, हिशेब करणं, चिडणं हे सगळं मराठीत. मी साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला विचारलं, "तू सांग की." मी गप्प बसले. भाषेचे पेपर लिहिणं वेगळं, आणि आजोबांची फरशी वेगळी.

कॅलिस्टसला आमचे गाइड एक सेल्सियन फादर होते, केरळचे. ही जागा सेल्सियन धर्मगुरूंकडे सांभाळायला आहे. भाषेप्रमाणे गट करतात. आमचा इंग्रजीचा. मी आजीच्या कानाशी मराठीत सांगत होते.

वर सप्टेंबरचं ऊन होतं, सुरूची उंच झाडं होती. जिना उतरलो तशी हवा गार झाली आणि ओल्या मातीचा वास आला. आजीनं पदर खांद्यावरून घेतला. बोळ इतका अरुंद की दोन माणसं शेजारून चालू शकत नाहीत. दोन्हीकडे जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत कप्पे. सगळे उघडे, रिकामे. मधेमधे फार छोटे कप्पे होते. आजीनं हात न लावता हवेतच वीत धरून एकाचं माप घेतलं आणि काही बोलली नाही. ते लहान मुलांचे होते. असे छोटे कप्पे तिथे पुष्कळ आहेत.

थोडं पुढे गेल्यावर तिनं विचारलं, "माणसं कुठं गेली गं?"

फादरांनी सांगितलं ते मी तिला सांगितलं. पाचव्या शतकापर्यंत इथे पुरणं जवळजवळ थांबलं. पुढे रोमवर स्वाऱ्या झाल्या, शहराबाहेरच्या या जागांची नासधूस झाली. मग आठव्या-नवव्या शतकांत पोपांनी रक्तसाक्षींच्या अस्थी काढून शहरातल्या चर्चेसमध्ये नेल्या. संत सिसिलियाच्या अस्थी ८२१ मध्ये नेल्या. एकदा संत गेले तसं लोकांचं येणंही थांबलं, तोंडं बुजली, आणि ही जागा कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

"म्हणजे त्यांच्यापण कबरी उघडल्या," आजी म्हणाली.

"उघडल्या."

"पोपांच्यासुद्धा?"

"पोपांच्यासुद्धा."

तिनं मान हलवली. आजोबांची कबर उघडणार म्हणून तिला चार महिने झोप लागत नव्हती, हे मला माहीत होतं. ती कुणाला बोलली नव्हती.

मग आम्ही पोपांच्या दालनात आलो. खोली लहान आहे. तिसऱ्या शतकातले नऊ पोप इथे पुरलेले होते. त्यांतल्या पाच जणांच्या फरश्यांचे तुकडे सापडले, ते भिंतीला लावलेत. पोंतियन, अंतेरस, फाबियन, लुसियस, युतिकियन. फादर म्हणाले, अक्षरं नीट बघा. मी बघितली आणि मला वाचता येईनात. ती लॅटिन नव्हती, ग्रीक होती.

रोमच्या पोटात, रोमच्या बिशपांच्या कबरीवर, रोमची भाषा नाही! कारण रोममधले सुरुवातीचे ख्रिस्ती बरेचसे बाहेरून आलेले होते. पूर्वेकडचे व्यापारी, कारागीर, गुलाम, सुटलेले गुलाम. घरात ग्रीक, प्रार्थनेत ग्रीक, वाचायचं ते ग्रीक. संत पौलानं रोमकरांना पत्र लिहिलं तेही ग्रीकमध्येच. रोमच्या चर्चची प्रार्थना पुरती लॅटिनमध्ये यायला चौथं शतक उजाडावं लागलं. आणि याच कॅटॅकोंबमध्ये, थोड्या अंतरावर, पोप कॉर्नेलियस यांची फरशी आहे. ते २५३ मध्ये हद्दपारीत वारले. त्यांच्या फरशीवर मात्र लॅटिन आहे. एकच चर्च, एकच शतक, एकाची फरशी ग्रीक आणि एकाची लॅटिन. यावरून त्यांच्या घरच्यांचं भांडण झालं असेल का, असा विचार माझ्या मनात आला, आणि एवढ्या गंभीर जागी मला हसू आलं.

त्या फरश्यांवर मोठं काही लिहिलेलं नाही. फाबियन २५० मध्ये छळात मारले गेले. त्यांच्या फरशीवर नाव आणि बिशप याची चार अक्षरंही पुरी नाहीत, आखूड केलेला शब्द. रक्तसाक्षी असल्याची खूण आहे, ती मागाहून वेगळ्या हातानं कोरलेली. एवढंच.

फादरांनी पुढे जे दाखवलं ते साहित्याच्या विद्यार्थ्यांना आवडेल म्हणून जरा सविस्तर सांगते. साध्या लोकांच्या फरश्यांवर शुद्धलेखन नाही. लोक जसं बोलत तसं कोरलं आहे. लॅटिनमध्ये "जगला" या अर्थाचा शब्द "विक्सित", पण कितीतरी फरश्यांवर तो "बिक्सित" असा आहे, कारण तोंडात व आणि ब एक झाले होते. काही ठिकाणी तर भाषा लॅटिन आणि अक्षरं ग्रीक. बोलता लॅटिन येत होती, पण लिहायला हात बसला होता ग्रीकचा. मला लगेच आपलं क्रिस्तपुराण आठवलं. फादर थॉमस स्टीफन्सचं ते काव्य मराठी, पण १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं ते रोमन अक्षरांत. आणि मोठ्या काकांची रोमी कोंकणी आठवली. एका भाषेनं दुसरीच्या अक्षरांत राहायला जाणं हे आमच्या घरचं एकट्याचं प्रकरण नाही, दीड हजार वर्षांहून जुनं आहे.

एक शब्द मात्र पुन्हा पुन्हा दिसत होता. कधी पूर्ण, कधी नुसतं पहिलं अक्षर. "देपोसितुस." मी तोवर सगळं भराभर सांगत होते, इथे अडले. पुरला असं म्हणू? मग फादर म्हणाले, हा व्यवहारातला शब्द आहे, एखादी वस्तू दुसऱ्याकडे विश्वासानं सांभाळायला देतात त्याचा. तेव्हा मला आपला शब्द मिळाला.

"आजी, ते लिहितात की याला इथे ठेव म्हणून ठेवलंय."

"ठेव? बँकेत ठेवतात तशी?"

"तशीच."

"मग ती परत मिळते," आजी म्हणाली. जरा वेळानं पुन्हा म्हणाली, "एका बँकेतनं दुसऱ्या बँकेत हलवली तरी मिळते."

मागून गट पुढे सरकायची वाट बघत होता. मी तिचा हात धरला आणि आम्ही चालायला लागलो. तिच्या झोपेचा प्रश्न तिनं स्वतःच सोडवला होता, मी फक्त एका शब्दाचं भाषांतर केलं होतं. ग्रीकमध्ये दफनभूमीला जो शब्द आहे, ज्याच्यावरून इंग्रजीतला सिमेट्री आणि कोंकणीतला सिमितेर आला, त्याचा अर्थही निजायची जागा असाच आहे. हे मी तिला नंतर बसमध्ये सांगितलं. ती म्हणाली, "ते तर आपण रोजच म्हणतो की."

अजून एक गोष्ट तिथेच कळली. सगळ्यांच्या कप्प्यांवर अक्षरं नव्हतीच. बहुतेकांवर काहीच नव्हतं. अक्षरांना तेव्हाही पैसे लागत, आणि सगळ्यांना लिहितावाचता येत नसे. मग घरचे लोक काय करायचे? चुना ओला असतानाच त्यात काहीतरी दाबून बसवायचे. एखादं नाणं, शिंपला, काचेच्या भांड्याचा तळ, मुलाच्या कबरीवर त्याची बाहुली. पुढच्या वेळी दिवा घेऊन त्या अंधारात आलं की हजार कप्प्यांमधून आपला कप्पा ओळखता यावा. ती खूण जगासाठी नव्हतीच. फक्त ज्यांना ओळखायचं होतं त्यांच्यासाठी होती.

मी तिथून निघाले तेव्हा माझ्यापुरतं उत्तर माझ्याकडे होतं. बाबांची भाषा दुबईच्या नातवंडांसाठी होती, काकांची चर्चसाठी, आत्याची थोडी बेळगावसाठी. सगळे फरशी दुसऱ्या कुणीतरी वाचावी म्हणून लिहीत होते. पण फरशी आधी कुणासाठी असते? दिवा घेऊन येणाऱ्यासाठी. आजोबांकडे दिवा घेऊन येणार ती आजी, आणि आजी ज्या नावानं त्यांना हाक मारायची ते नाव ना हॉस्पिटलच्या कागदावर होतं ना लाकडी क्रूसावर.

कुणाला वाटेल, अशानं पुढच्यांना काय कळणार? पुढच्यांना फार थोड्यावरूनही कळतं. कॉर्नेलियस यांचीच गोष्ट बघा. १८४९ मध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी या अभ्यासकाला इथल्या एका द्राक्षमळ्यात फरशीचा एक तुकडा मिळाला. त्यावर अर्धंच नाव होतं, "नेलियस", आणि पुढे रक्तसाक्षी. एवढ्यावरून त्यांनी ओळखलं की हा कॉर्नेलियस असणार आणि कबर इथेच कुठेतरी असणार. १८५२ मध्ये त्यांना ती कबर सापडली, उरलेला अर्धा तुकडाही सापडला. दोन वर्षांनी पोपांचं दालन सापडलं. शेकडो वर्षं बुजलेली जागा अर्ध्या नावानं उघडली. तेव्हा पुढचे लोक त्यांचं ते बघून घेतील. आपण आपलं नाव खरं लिहावं.

घरी आल्यावर मी हे सगळं सांगितलं. बाबा ऐकून घेत म्हणाले, पोप ठीक आहेत, पण आपले शेजारी काय म्हणतील? काका म्हणाले, ग्रीक चाललं तर कोंकणी का नाही? वाद तिथेच चालू राहिला असता. आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिनं आजोबांचं घरातलं नाव घेतलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते घरचं आहे. ती म्हणाली, "हे लिहा. मला वाचता येतं त्या अक्षरात." आजी बेळगावच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली. तिला एकच लिपी येते.

त्या नावात कोंकणी आहे, पोर्तुगीज आहे, आणि शेवटी आपला मराठी प्रत्यय लागलाय. लिपी देवनागरी. म्हणजे कुणाचंच ऐकलं नाही आणि सगळ्यांचं ऐकलं. त्याखाली बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव लहान अक्षरांत इंग्रजीत, बाबांसाठी. मग दोन तारखा. एका कोपऱ्यात नांगराची छोटी खूण, कारण कॅलिस्टसच्या फरश्यांवर तो आशेची खूण म्हणून आहे, आणि ज्युबिली वर्षाच्या चिन्हातल्या क्रूसालाही खाली नांगरच आहे. ती आजीनं तिथल्या पुस्तिकेत बघून ठेवली होती.

कारागिराकडे मी आणि बाबा गेलो. त्यानं कागद बघितला आणि विचारलं, "हे जोडाक्षर आहे, एक धरू की दोन?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, एक. तो म्हणाला, कोरायला दोनांचं काम आहे. शेवटी दीडवर तुटलं.

मग बाबांनी त्याला आजीचा निरोप सांगितला. नाव वरच्या अर्ध्या भागातच बसवायचं, खालचा अर्धा भाग कोरा सोडायचा.

"कशाला?" त्यानं विचारलं.

"आईला लागेल," बाबा म्हणाले.

त्यानं पेन्सिलनं फरशीच्या बरोबर मधे एक आडवी रेघ मारली आणि वरच्या भागाचं माप घ्यायला लागला.